आधी परकोट, मग कूलर

गोंडराजांनंतर चंद्रपुरावर खऱ्या अर्थाने कोणी राज्य केलं असेल तर ते आमच्या कूलरवाल्या चाचांनी. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात ज्याच्या हाती कूलरची मोटर तो राजा. आणि गावातल्या निम्म्या मोटरी त्या दिवसांत चाचांच्या पिशवीत असतात. घरात आले की ते पंप बघत नाहीत, वायर बघत नाहीत. आधी विचारतात, "पाहुणा आहे का कोनी?" असला, तर दुसरा प्रश्न, "त्याले परकोट दाखवला का?" आमच्या शहराभोवतीच्या जुन्या तटाला आम्ही परकोट म्हणतो. नाही म्हटलं की मोटर पिशवीत जाते आणि चाचा चपला पायात सरकवतात.

माझा पुण्यातच वाढलेला धाकटा मावसभाऊ आला होता तो वाघ पाहायला. सगळेच त्यासाठी येतात. स्टेशनावर उतरतात, जीपमध्ये बसतात, जंगलात जातात, आणि मध्ये एक शहर लागलं होतं हे त्यांच्या गावीही नसतं. चाचांना याचाच संताप. आमची मोटर नेमकी त्याच दिवशी जळली.

"वाघ काय, आज नाई तर उद्या दिसंल," चाचा म्हणाले. "भाऊले सकाळी सहा वाजता जटपुरा गेटवर पाठवा. आधी परकोट, मंग कूलर."

भाऊ पुण्याचा, त्यामुळे तत्त्वाला पेटला. म्हणाला, मी दुसरा मेकॅनिक बघतो. "पाहा ना," चाचा हसले. त्याने भर उन्हात तीन दुकानं पालथी घातली. तिन्ही ठिकाणी मोटर हातात घेण्याआधी विचारलं, "चाचा काय म्हनले?" सगळे त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

सकाळी सहाला बिचारा गेला. चाचांचा नियम असा की शहरात शिरायचं ते वेशीतूनच. रस्त्यासाठी तट फोडलाय तिथून ते मेले तरी पाऊल टाकणार नाहीत, मग भले मैलभर वळसा पडो. "भगदाडातून चोर जाते, पाहुना नाई." वेशीवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलाय. तो पाहुण्याने स्वतः ओळखायचा, चाचा सांगत नाहीत. आमच्या बंधुराजांनी बराच वेळ मान वर करून विचारलं, "मांजर आहे का?" त्या मांजरापायी आमचा कूलर आणखी एक दिवस बंद राहिला.

शेवटी भावाने विचारलं, "आणि राजवाडा कुठंय?" चाचांनी त्याला एका उंच भिंतीसमोर उभं केलं. "हा काय. आता जेल आहे. अंदर जायाचे दोनच रस्ते. एक तर गुन्हा करा, नाई तर मोहरमले या." आत एक दर्गा आहे, आणि मोहरमच्या दोन दिवसांत दर्शनासाठी तुरुंगाचं दार सगळ्या गावाला उघडं असतं. भावाला वाघ काही दिसला नाही. पण हल्ली तो पुण्यात लोकांना वेशीवरचा सिंह समजावून सांगतो म्हणे.

मग चाचांना काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मोटरींचं काम मुलाने हातात घेतलं आणि बापाची रस्त्यावरची फेरी बंद करायला बघितली. "अब्बा, ट्रक दिसत नाई तुमाले." त्यावर चाचांचं उत्तर, "ट्रकले मी दिसतो ना!" हरून तो माझ्याकडे आला. "बाई, तुमीच समजावा. एखाद्या दिवशी जीव जाईन त्याइचा."

मी समजवायला गेले. "चाचा, किती लोकाईले दाखवलं तुमी! आता बसा ना आरामात."

"तुमाले दाखवलं का?" चाचा कडाडले. "परकोटाच्या अंदर जन्मल्या तुमी. राजवाडा पाह्यला का कधी?"

नव्हता पाहिला. दर मोहरमला पुढच्या वर्षी बघू म्हणत मी पन्नाशी ओलांडली होती. मी पाहुणी नव्हते म्हणून चाचांच्या तावडीतून सुटले होते, एवढंच. मला स्वतःची लाज वाटली.

"यंदा मोहरमले माह्यासंग चला," ते म्हणाले. "तुमी पाह्यला का मी हे फिरनं सोडतो."

गेलो. रांगेत माझ्या मिटलेल्या छत्रीचं एक टोक त्यांनी धरलं होतं. दर्शन झाल्यावर बाहेर वळायचं, तर चाचा जुन्या दगडी भिंतीसमोर गच्च उभे. "सांगा, काय दिसून राह्यलं?"

"भिंत."

"आन?"

"बुजवलेल्या कमानी."

"किती?"

"तीन."

"चार," चाचा म्हणाले. "एक पिंपळाच्या मांगं आहे. जरा तिरप्या व्हा."

मी तिरपी झाले. पानांच्या आड चौथी होती. शिपाई ओरडला, "चलो चाचा, आगे चलो!" चाचा जागचे हलले नाहीत. "रुक बेटा. बाईचं पाहनं व्हायचं आहे अजून."

बाहेर आल्यावर मी हळूच आठवण केली, "चाचा, सोडतो म्हनलं होतं तुमी."

"म्हनलं होतं. पन तुमी तीनच मोजल्या ना! असं कसं सोडू?"

मी त्यांच्या मुलाला सांगून टाकलं की मला ते जमलं नाही. आता पाहुणा आला की मीही जाते, ट्रक जातात त्या बाजूने चालते आणि चाचा विचारतील ते मोजून सांगते. अजून चुकते, आणि ते भर रस्त्यात माझ्यावर ओरडतात. एखाद्या दिवशी मी चुकीचं मोजेन आणि कोणी ओरडणार नाही, याचीच मला आतून फार भीती वाटते.