वाढत्या अंगाची खाट

लालबागच्या त्या चाळीत कौसल्येला स्वतःचं मूल नव्हतं, पण तिच्या दोरीवर दुपटी वाळत नाहीत असा दिवस क्वचितच उजाडे. दादरच्या एका बालकाश्रमातली तान्ही पोरं ती सांभाळायला आणत असे. दुधापुरते पैसे आश्रम देई, कधी वेळेवर, कधी आठवण झाली की. दत्तक घेणारं कुणी भेटेपर्यंत पोर कौसल्येकडे राही. मग एके सकाळी त्याला न्हाऊमाखू घालून, तीट लावून ती परत नेऊन देई, थोडे दिवस स्टो नीट पेटत नाही म्हणून आदळआपट करी आणि नवं पोर घेऊन येई. चाळीतले लोक तिच्या खोलीला पाणपोई म्हणत. तहानलेले यायचे, प्यायचे, पुढं जायचे.

तिचा नवरा दत्ताराम गिरणीत साच्यावर कापड विणायला होता. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. पाळी संपली की हा मोर्चात, मोर्चा संपला की सभेत. घोषणा देऊन त्याचा घसा कायम बसलेला असे, त्यामुळे घरातल्या भांडणात जिंकायचं काम बिनविरोध कौसल्येकडे आलं होतं.

आणि मग बाय आली. आश्रमानं तिचं नाव मीरा ठेवलं होतं, पण मालवणकडच्या घरात मुलीला बाय म्हटल्याशिवाय पान हलत नाही. तिच्या डाव्या गालावर जांभळाएवढा काळसर डाग होता. दाखवायला आश्रमात नेलं, की दत्तक घ्यायला आलेली माणसं पाळण्यात वाकून बघत, आधी हसत, मग डागाकडं बघत आणि शेजारच्या पाळण्याकडं वळत. बाय बसायला लागली, रांगायला लागली, मोरीपर्यंत जाऊन तांब्या उलटा करायला शिकली, तरी तिला न्यायला कुणी आलं नाही. कौसल्येनं देवाला कधी तसं सांगितलं नव्हतं, पण त्या डागाला ती रोज न्हाणताना हळूच तेल लावायची, आणि तो फिका व्हावा म्हणून मुळीच नाही.

अशात आश्रमाच्या सुमेधाबाई आल्या. गिरगावात राहणाऱ्या, चष्मेवाल्या, स्वभावानं मऊ, पण नियम सांगताना एकदम ताठ. शिवडीकडं कुणाच्या तरी घरी साडीची झोळी सुटून एक पोर खाली पडलं होतं. तेव्हापासून आश्रमानं ठरवलं होतं, की सांभाळायला दिलेलं मूल झोळीत नको, टांगलेल्या पाळण्यात नको, मोठ्या माणसाच्या कुशीत नको आणि उंदीर फिरतात त्या जमिनीवर तर नकोच. त्याला स्वतःची जागा हवी, चार पायांवर उभी, चारी बाजूंनी कठडा असलेली. पुढच्या खेपेला येईन तेव्हा ती दिसली नाही, तर मूल परत घ्यावं लागेल, असं त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या.

त्या खोलीत दत्तारामलाही स्वतःची जागा नव्हती. रात्रपाळीवरून येऊन तो दुपारी जिथं झोपे, तिथं संध्याकाळी भाजी निवडली जाई. पण बाय परत जाणार म्हटल्यावर नवराबायको खाटेच्या शोधाला लागली. गिरगावातल्या दुकानात लोखंडी खाट होती, पांढरी, चकचकीत; किंमत ऐकून दत्ताराम दुकानदाराला 'बरंय, येतो' म्हणाला आणि त्यानं थेट ट्रामचा थांबा गाठला. शेजारच्या सुंदराबाईंनी आपला सागवानी पाळणा काढला. त्यांची सगळी पोरं त्यात वाढली होती, आणि जगत्या पोरांचा पाळणा फार शुभ. पण तो आढ्याला टांगायचा. म्हणजे नियमात बसेना. सुंदराबाई त्या नियमाला जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग आंब्याची पेटी आली. बाय तिच्यात बसली, बाहेर बघितलं, कडेवर हात टेकून उभी राहिली आणि पेटीसकट जमिनीवर आली.

शेवटी दत्ताराम म्हणाला, मीच करतो. तो सुतार नव्हता, पण चाळीच्या गणपतीचं मखर दरवर्षी त्याच्या हातचं असे. मैदानातल्या एका सभेचं व्यासपीठ मोडत होते, तिथल्या कंत्राटदाराकडून त्यानं फळ्या मागून आणल्या. रात्रपाळी करून यायचा आणि झोपायचं सोडून गॅलरीत ठोकत बसायचा. खाट झाली तेव्हा तिच्या चारी कोपऱ्यांना मखरासारख्या कमानी होत्या आणि उशाच्या फळीवर रंगाखालून 'झालाच पाहिजे' एवढी अक्षरं दिसत होती. चाळ बघायला लोटली. प्रसाद कधी आहे, असंही कुणी विचारून गेलं.

खोटच काढायची तर ती एवढीच, की खाट फार लांब होती. ती आत आल्यावर दार पुरतं उघडेना, आणि दत्तारामचे पाय झोपताना गॅलरीत जायला लागले. कौसल्येनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पोरगी वाढतली. मगे काय दर वर्साक नवी खाट करूची?"

कौसल्येला ते पटलं. चाळीत सगळ्यांनाच पटलं. पोरांचं सगळं वाढत्या अंगाचंच घ्यायचं असतं. सदरा गुडघ्यापर्यंत, चपलेत कापूस, दोन वर्षांनी बरोबर बसतं. शाळेत जाणारी पोर पाय ताणून झोपेल एवढी ती खाट होती, आणि यात काही चुकलंय असं साऱ्या चाळीत एकाच्याही मनात आलं नाही.

सुमेधाबाईंच्या मात्र दारातच लक्षात आलं. त्यांनी खाट हलवून बघितली, कठड्याच्या गजांमधून मूठ घालून बघितली, पाय घट्ट आहेत का बघितलं. मग उशापासून पायथ्यापर्यंत एकदा नजर नेली आणि एवढी लांब कशाला, असं विचारलं. दत्तारामनं अभिमानानं वाढत्या अंगाचं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

खाट मंजूर आहे, त्या म्हणाल्या; फक्त मध्ये एक आडवी फळी घाला, पोर खाली सरकायला नको. मग त्यांनी सांगितलं, की नाशिकचं एक जोडपं येऊन गेलं. फोटो बघितला. डागाचं काही नाही म्हणाले. महिन्याभरात नेतील.

कौसल्येच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं बाईंना दिला, साखर विचारली, आणि मग म्हणाली, "आम्ही ठेवली तर?"

हे सुमेधाबाईंनी आश्रमाच्या मंडळींपुढं खरोखरच मांडलं. उत्तर नाही असं आलं. सांभाळणाऱ्या बाईलाच मूल दिलं, तर पुढचं मूल सांभाळायचं कुणी, असं मंडळी म्हणाली. कौसल्येला राग यायला हवा होता, पण ते तिलाही खोटं म्हणता येईना. बायच्या आधीच्या पोरांना तिनं असंच सोडलं होतं, म्हणून तर बायला जागा झाली होती.

सुंदराबाई तोडगा घेऊन आल्या. बाय अजून कौसल्येच्या कुशीशिवाय झोपत नव्हती. खाटेत ठेवली की चाळ डोक्यावर घ्यायची. "तशीच राहू दे तिला," सुंदराबाई म्हणाल्या. "तिथं जाऊन रडून रडून निळी पडेल ना, तर आठ दिवसांत आणून टाकतील. मोठ्या घरच्यांना झोप प्यारी असते गो."

 त्यानंतर खाटेत घड्या घातलेल्या चादरी पडून राहिल्या आणि बाय कुशीत. दुपारी तिच्या केसांत नाक खुपसून कौसल्या नुसती पडून राही. हे नियमात नव्हतं, आणि बरोबर नव्हतं ते तर तिला नियमाच्या आधीच कळत होतं.

एका दुपारी ती नळावर गेली असताना बाय जागी झाली. कौसल्या हंडा टाकून धावत आली तेव्हा पोर दाराशी बसली होती, तोंड लाल, हुंदका अडकलेला, आणि दत्तारामनं कडेवर घेतलं तर त्याला लाथा मारत होती. ज्याच्या मिशा ओढल्याशिवाय तिला घास उतरत नसे, त्या दत्तारामला. कौसल्येनं तिला उचललं. नाशिकला हिला कोण उचलणार आणि कुणाला ही लाथा मारणार, हे त्या क्षणी तिला डोळ्यांपुढं दिसलं. तिथल्या घराच्या अनोळखी भिंती दिसल्या. आठ दिवस तर फार झाले, त्यातला एकही तिला सोसवेना.

त्याच दुपारी तिनं खाटेतल्या चादरी काढल्या.

पहिल्यांदा ती गजांमधून हात घालून बायच्या पाठीवर ठेवून बसली. बाय रडली, उभी राहिली, पुन्हा रडली. चाळीतून कुणी तरी ओरडलं, पोराला मारता की काय. मग हात पाठीवरून पायावर आला. मग नुसतं बोट. मग गजावर हात, बायला दिसेल असा. मग कौसल्या खाटेपासून सरकत सरकत चटईच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तांदूळ निवडायला लागली. निवडून झालेले तांदूळच पुन्हा पुन्हा निवडत बसे. दत्ताराम भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग करी. सोंग त्याला गणपतीतल्या नाटकातही कधी जमलं नव्हतं. एके दुपारी बाय खाटेत बसून आपल्याच पायाशी बोलली, आडवी झाली आणि झोपली. कौसल्येनं मान वर करून बघितलं. पोरीला तिची गरज लागली नव्हती. कौसल्या उठून गॅलरीत गेली आणि ओल्या दुपट्यांत तोंड घालून उभी राहिली.

नाशिकची बाई साधी होती, घाबरलेली होती, आणि त्याचा कौसल्येला थोडा रागच आला. वाईट असती तर बरं झालं असतं. कौसल्येनं तिला सगळं सांगितलं. पेज पातळ लागते, कानात वारा जाऊ देऊ नका, डाव्या गालावर निजते. झोपेचं विचारलं तेव्हा म्हणाली, "एकटी झोपते. कोण लागत नाही तिला."

पुढं बरेच दिवस गेले. मोर्चे चालू होते, दत्तारामचा घसा बसलेला होता. सुमेधाबाई आल्या त्या हसतच. नाशिकहून निरोप होता, मंडळी भारी खुश. एवढी गुणी पोर बघितली नाही म्हणतात. पहिल्या रात्रीच शांत झोपली.

कौसल्या पोळपाट पुसत होती. पुसायची थांबली.

"रडली नाही?"

"अजिबात नाही."

"पहाटेला पण नाही? पहाटेला उठायची ती कधी कधी."

"नाही हो, कौसल्याबाई," सुमेधाबाई कौतुकानं म्हणाल्या, "एकदासुद्धा नाही."

कौसल्येनं बरं झालं म्हटलं. मग बाईंना बसायला सांगून ती चहाचं पाणी ठेवायला वळली, आणि स्टो पेटवायला तिला फार वेळ लागला.