सातव्या देवाचं पान

सालेकसा तालुक्यातल्या एका गावात मी पोस्टमन आहे. नाव सांगत नाही, आणि आडनाव तर मुळीच सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही म्हणा. माझ्या आडनावाची या गावात बावीस घरं आहेत, त्यामुळे पाकिटावर नुसतं आडनाव आलं की ते पाकीट बावीस घरांचं असतं. गावानं त्यावर आपली सोय करून ठेवली आहे, आणि ती सवय पुढे दुसऱ्या आडनावांच्या घरांनाही लागली आहे. पाण्याच्या टाकीजवळ राहतो तो टाकीवाला. सहा महिने रेल्वेत नोकरी करून पळून आला तो रेल्वेवाला, त्याला येऊन आता जमाना झाला तरी रेल्वेवालाच. मी पोस्टवाला.

आम्ही गोंड. आमच्यात आडनावामागे देव मोजलेले असतात. कोणी चार देवांचा, कोणी पाचांचा, कोणी सहांचा, कोणी सातांचा. देवांचा आकडा सारखा असला की ती माणसं भाऊबंद, मग एक जण आमच्या गावचा असो आणि दुसरा थेट बालाघाटचा. भाऊबंदांत लग्न होत नाही. एवढाच कायदा, पण त्याच्यापुढे पोलिसपाटलाचंही चालत नाही.

या आकड्यांचा गावातला पंडित मीच. माघातल्या जत्रेत एक छापील तक्ता मिळतो, कोणत्या आडनावाचे किती देव ते सांगणारा. तो आणून मी वर प्लास्टिक चढवलं आणि ओसरीवर, जिथं माझं पोस्ट भरतं, तिथं टांगला. कोणाच्या घरी सोयरीक ठरायची असली की लोक तिकीट घ्यायच्या निमित्तानं येत आणि तक्ता पाहून जात. मी न विचारताही सांगत असे. बायको म्हणायची, "अजी, चिठ्ठ्या वाटा ना तुमी. लोकाइचे देव कायले वाटून राहिले?" पण माझा स्वभाव तापट, आणि त्यात खरं बोलायचा किडा. दोन्ही एकाच माणसात असले की शेजाऱ्यांना त्रास होतो.

चार वर्षांपूर्वी टाकीवाल्याच्या मुलाची सोयरीक कामठ्याकडच्या मुलीशी ठरत होती. अंगणात पाहुणे बसलेले, चहाच्या कपबशा फिरत होत्या. मुलीचं आडनाव कानावर पडलं आणि मी उठून घरी गेलो, तक्ता काढून आणला आणि भर अंगणात उघडला. हेही पाच देवांचे, तेही पाच देवांचे. पाहुणे चहा ठेवून निघून गेले. माझं बोट बरोबर रकान्यावर होतं, चूक काही नव्हती. पण टाकीवाल्याला बाजूला घेऊन कानात सांगता आलं असतं, ते मला त्या दिवशी सुचलं नाही. मुलाचं पुढे दुसरीकडे झालं, आता तो बायकोशी रोज भांडतो म्हणजे संसार ठीक चालला आहे. टाकीवाला मात्र त्या दिवसापासून माझ्या हातून टपाल घेईना. मी गेलो की खाटेवरूनच म्हणे, "ठेव तिथं." तिथं म्हणजे ओट्यावर एक वीट होती, तिच्याखाली. चार वर्षं मी त्या माणसाचं टपाल विटेखाली ठेवत आलो.

आता माझ्या मुलीचं सांगतो. ती नागपूरला एका ऑफिसात काम करते, तिथलं सगळं काम विलायतेतल्या साहेबाचं. दिवाळीला घरी आली आणि माझ्याजवळ बसून मोबाइल दाखवू लागली. आडनाव टाकलं की ते कुठून आलं, अर्थ काय, आज कुठं कुठं पसरलं आहे, सगळं नकाशावर रंगवून दाखवतं म्हणे. तिनं आपल्या साहेबाचं आडनाव टाकलं. अर्थ निघाला, नाल्यापलीकडे राहणारा. मी पोट धरून हसलो. एवढा मोठा साहेब, इंग्रजीत रागावणारा, आणि निघाला कोण, तर नाल्यापलीकडचा. कोण्या काळी तिकडच्या एखाद्या कारकुनानं कागद काढून विचारलं असेल, बाबा रे, तू कोणता? तो म्हणाला असेल, नाल्यापलीकडचा. झालं, लिहिलं. आता त्या आडनावाची माणसं नकाशावर ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली होती आणि मूळ नाल्याजवळ रंग अगदी फिका होता. टाकीवाला विलायतेत जन्मला असता तर त्याची नातवंडंही टाकीवाले म्हणूनच साहेब झाली असती, असं मी म्हणालो. मुलगी हसली. मग आमचं आडनाव टाकलं. आमचा जिल्हा, बालाघाट, राजनांदगाव आणि खाली तेलंगणापर्यंत ठिपके उमटले. मला फार अभिमान वाटला.

माझं मन मऊ झालं आहे असं पाहून ती म्हणाली, "बाबा, म्हनजे आडनाव असंच कोनी लिहिलेलं असते ना?"

"हो."

"मंग एक आडनाव सांगतो, रागवू नका."

तिच्या ऑफिसातला मुलगा होता. मुलगा चांगला, घर चांगलं, आपल्याच समाजाचा. आडनाव ऐकलं आणि मी तक्त्याकडे पाहिलं. सहा देव. आम्हीही सहा देवांचेच. साहेबाचा नाला, ऑस्ट्रेलिया, सगळं कशासाठी होतं ते माझ्या ध्यानात आलं आणि माझं टाळकं सरकलं. भाऊ आहे तो तुझा, पुन्हा हे नाव काढायचं नाही, असं मी म्हणालो. जे टाकीवाल्याच्या अंगणात बोललो ते स्वतःच्या घरात गिळलं असतं तर गावात तोंड कुठं दाखवलं असतं? मुलगी भांडली नाही. तिनं डोळे पुसले आणि केशोरीला माझ्या आत्याला फोन लावला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. ऐंशीच्या पुढची, पण एकटी बस बदलून आली. आल्या आल्या पाणी प्यायली आणि म्हणाली, "नव्या भाताचा नैवेद्य देवाले कसा लावते रे तू? लावून दाखव."

आमच्याकडे नवं पीक आलं की आधी देवांना, मग माणसांना. जितके देव तितकी पळसाची पानं मांडायची आणि प्रत्येकावर भात वाढायचा. मी सहा पानं मांडली.

"तुहा बाप किती मांडे?"

मला आठवत होतं. वडील सात मांडायचे. ते गेल्यावर मी तक्ता पाहिला, त्यात आमच्या आडनावापुढे सहा लिहिलेलं. वडील साधे, त्यांना मोजदाद कुठली, असं म्हणून मी एक पान कमी केलं. मोठ्या फुशारकीनं केलं होतं, तेही सांगून टाकतो.

"म्हनजे बारा वर्सं एका देवाले उपाशी ठेवलं तुनं," आत्या म्हणाली. "पोस्टात साहेब झाला ना तू."

मग तिनं सांगितलं. माझे आजोबा लहानपणीच पोरके झाले. त्यांच्या मामानं त्यांना या गावी आणलं आणि शाळेत घातलं. मास्तरनं विचारलं, आडनाव काय? मामानं स्वतःचं सांगितलं, कारण मास्तर त्याच्याशी बोलत होता. मास्तरनं लिहिलं. मामा सहा देवांचा, आजोबा सात देवांचे. शाळेतलं आडनाव पुढे सातबाऱ्यावर गेलं, मतदार यादीत गेलं, आधार कार्डावर बसलं. देव मात्र शाळेत गेले नव्हते, ते सातच राहिले. आजोबांनी सात पानं मांडली, वडिलांनी मांडली, आणि मी, जो अख्ख्या गावाला आकडे शिकवत फिरत होतो, त्यानं एक उचलून टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

म्हणजे मुलगी सातांची आणि मुलगा सहांचा. मार्ग मोकळा. मुलगी दारातून आनंदानं आत आली, आणि तेवढ्यात चुलीजवळून बायकोचा आवाज आला.

"आत्याबाई, मी माहेरची किती देवांची?"

माझी बायको सात देवांची. केशोरीची, आत्याच्या शेजारची. धान रोवण्याच्या दिवसांत मी आत्याकडे गेलो होतो, हिला शेताच्या बांधीत रोवताना पाहिलं आणि लग्न करीन तर हिच्याशीच म्हणून हट्ट धरून बसलो. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

"माह्या बापाले हे माहीत नोतं काय?" मी विचारलं.

"माहीत होतं. चार दिवस तो जेवला नाइ. मंग मले म्हने, पोरगा खुळावला हाये. कागदावर सहा लिहिलं हाये ना, मंग कागदाचंच खरं म्हनू. देवाले काय सांगाचं ते मी सांगतो."

मला रडू आलं, आणि ते मी कोणापासून लपवलं नाही. माझ्यासाठी वडील देवांसमोर गुन्हेगार झाले आणि जन्मभर एका शब्दानं बोलले नाहीत. आणि माझी मुलगी दिवाळीत दोन दिवस रडली तरी मी तक्त्याकडे बोट दाखवून बसलो होतो.

बायको रडली नाही. ती परात घेऊन बाहेर आली. "म्हनजे तीस वर्सं मी भावाले भात रांधून राहिली," ती म्हणाली. "राखीच्या टायमाले गावभर पाकिटं वाटता, अन् मले सख्खा भाऊ नाइ म्हनून मी दरसाल डोळे पुसतो. आधी सांगतलं असतं तर एक पाकीट घरीच उघडलं असतं."

आता कोडं असं झालं. मी गप्प राहिलो तर माझा संसार शाबूत, पण कागदाप्रमाणे मुलीचं लग्न होत नाही. मुलीसाठी सात म्हणालो तर माझंच लग्न भाऊबंदातलं ठरतं, तेही त्या गावात, जिथं मी दुसऱ्याच्या अंगणात तक्ता उघडला होता. आत्या म्हणाली, तू ठरव. बायको म्हणाली, "ठरवाचं काय हाये? तुमी सांगा, नाइ तर मी सांगतो."

भूमक, म्हणजे आमच्या देवांचा पुजारी, त्याच्यासमोर गाव बसलं तेव्हा मी तक्ता बगलेत घेऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. लोक आधी थक्क झाले, मग हसायला लागले. रेल्वेवाल्याला तर ठसका लागला. भूमक जुना माणूस, त्यानं वाट काढली. सात सोडून दुसऱ्या देवांच्या घरानं माझ्या बायकोला बहीण मानावं, ओटी भरून आपल्या देवांपुढे न्यावं आणि तिथून मला पुन्हा द्यावं. बोकड मी कापावा.

पण कोणत्या घरानं? माझं घर सोडून सहा देवांची बाकीची एकवीसच्या एकवीस घरं म्हणाली, तू कालपर्यंत आमचा भाऊ होतास, तुझी बायको आमची वहिनी. वहिनीला बहीण कशी म्हणायची? चार देवांचं घर गावात नाही. पाच देवांचं एकच घर आहे, टाकीवाल्याचं.

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. मुलगी माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझी बाही घट्ट धरली होती. त्यानं नाही म्हटलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता.

टाकीवाल्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या बायकोला विचारलं, "बाई, तुले भाऊ पायजे काय?"

ती म्हणाली, "भाऊ तर तीस वर्सापासून घरीच हाये. आता नवरा पायजे."

सगळं गाव हसलं. टाकीवाला ओठ दाबून बसला होता, शेवटी त्यालाही हसू आवरलं नाही. "भरतो तिची ओटी," तो म्हणाला. "तो तक्ता मात्र मले दे." मी दिला. त्याच्या बायकोनं तो गाईच्या गोठ्यात गळत होतं तिथं लावला, प्लास्टिक चांगलं होतं म्हणून.

ओटी भरली, साडी झाली, मोहाच्या दारूची धार देवांना पडली. बायको त्याच्या घरून पुन्हा माझ्या घरी आली. बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवा म्हणतात, म्हणजे टाकीवाल्याचा मी भाटवा झालो. तरी तो माझ्याशी बोलला नाही. मी टपाल विटेखालीच ठेवत राहिलो, आणि मला ते बरोबरच वाटत होतं.

मोहफुलं पडायला लागली तेव्हा मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. आडनाव तेच छापलं, मामाचं. आता ते कुठून कुठून बदलत बसणार? पत्रिका मी स्वतः वाटल्या. टाकीवाल्याच्या घरी गेलो, तो खाटेवर होता. सवयीप्रमाणे वाकून मी वीट उचलली.

"भाटवा कधी विटेखाली पत्रिका ठेवते काय?" तो म्हणाला. "आन इकडे, हातात दे."

मी दिली. त्यानं ती वाचली नाही, नुसती मांडीवर ठेवली आणि विचारलं, "पोरीले मांडवात आनाचा मान मामाचा. तुह्या पोरीले कोन आनून राहिला?"

हातातली वीट मी ओट्याखाली ठेवली आणि म्हणालो, "तू."