शुद्धीचे पंधरा गुण

माझी आत्या अतिदक्षता विभागात परिचारिका होती. रुग्ण किती गंभीर आहे, याचे गुण ती तक्त्यात मांडायची. शुद्ध जितकी कमी, तितके गुण कमी आणि रुग्ण जास्त गंभीर; आठ म्हणजे बेशुद्धच. एकदा न्यूमोनिया झालेला एक शिंपी आला. धाप लागली होती, तरी गडी म्हणाला, "बाई, तुमची बाही उसवलीये." आत्याने पंधरापैकी पंधरा गुण लिहिले.

विभागप्रमुखांनी तक्ता पाहिला. "आठ करा. आधीच गंभीर दिसला, तर मेला तरी ठपका रोगावर, आणि जगला तर नाव आपलं."

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, नीट बोलणाऱ्या माणसाला मी बेशुद्ध लिहू? हे गुण त्याच्या शुद्धीचे आहेत, तुमच्या अहवालाचे नाहीत!"

तिने आकडा बदलला नाही, म्हणून साहेबांनी स्वतःच बदलला. नवव्या दिवशी शिंपी आपल्या पायांनी घरी गेला, आणि त्याला मरणाच्या दारातून ओढून आणल्याचा फलक दवाखान्याने दारात लावला. आत्याची बदली चादरींच्या कोठारात झाली.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी हे सांगताना तिचा आवाज चढतो. "मेल्यांनी चांगल्या शुद्धीतला माणूस बेशुद्ध केला, तोही भुलीच्या औषधाविना!"