काकी की कुर्सी ते देवास गेट

फोन आला तेव्हा मी नानाखेड्याच्या चौकात चहाच्या ठेल्यावर उभा राहून मगरीची गोष्ट सांगत होतो. शिप्रेला पूर आला त्या वर्षी राम घाटाच्या पायऱ्यांवर मी निव्वळ छत्रीने जी मगर परतवून लावली होती, तीच. मगर नुकतीच बारा हात लांब झाली होती, ऐकणाऱ्यांचे चहा गार होत होते, आणि तेवढ्यात पुतण्याचा, मिलिंदचा, फोन. "काका, आई गेली. सकाळी उठलीच नाही…" माझी थोरली वहिनी, विमलवहिनी. माझ्या प्रत्येक गोष्टीला ती एकाच शब्दात उत्तर द्यायची, "निम्मं." पूर छातीपर्यंत होता म्हटलं की ती भाजी चिरता चिरता, मान वर न करता म्हणायची, "निम्मं करा, भाऊजी." मी पूर कमरेवर आणायचो. मग ती म्हणायची, "आता अजून एकदा." त्या सकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, समोर आलेली बातमी कुणीतरी निम्मी करावी असं मला वाटलं. कुणी केली नाही.

आम्ही बँकेच्या बदलीने उज्जैनला आलेली माणसं, दादाच्या मागे मागे मीही आलो आणि इथलाच झालो. वहिनी मात्र अस्सल इथली. तिचं माहेर देवास गेटजवळ, पूर्वज कुठल्याशा दरबारात चाकरीला होते म्हणून आलेले. त्यामुळे तिची मराठी अशी, की पुण्याचा पाहुणा आला की तो आधी हसायचा आणि मग चमचा खाली ठेवून नीट ऐकायला लागायचा. "भाऊजी, तुम्ही किती फेकून राहिले!" हे वाक्य मी तिच्याइतक्या प्रेमाने म्हटलेलं कुणाकडून ऐकलं नाही. माहेरी आता एकटी माई उरली होती, वहिनीची थोरली बहीण. माईचे गुडघे गेलेले, बोलणंही अगदी मोजकं. वहिनीचा नेम असा, की दुपारी जेवणं आटोपली की कॉलनीच्या कोपऱ्यावरून सिटी बस पकडायची, देवास गेटला उतरायचं, माईची वेणी घालायची, दोघींनी चहा प्यायचा आणि दिवेलागणीला परत. दादा होता तेव्हाही हाच नेम, दादा गेल्यावरही हाच.

आणि ती बस! तिला बस म्हणणं म्हणजे आमच्या कॉलनीचा अपमान. तो वहिनीचा फिरता दिवाणखाना होता. कंडक्टर कैलाश लांबूनच ओरडायचा, "काकी आ रही हैं, रोको!" आणि ड्रायव्हर असा ब्रेक मारायचा की मागच्या सीटवरचा माणूस पुढच्या दाराने उतरायचा. (बरं, निम्मं.) संक्रांतीला तर वहिनीने कमालच केली. कॉलनीतल्या सगळ्याजणी दुपारी त्याच बसने जुन्या शहरात जातात, तर घरोघरी फिरायचं कशाला, असं म्हणून तिने हळदीकुंकूच बसमध्ये केलं. एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्याने कुंकू लावायचं. गचके असे, की बऱ्याचजणींचं कुंकू कपाळाऐवजी नाकावर. वाणाला स्टीलच्या वाट्या लुटल्या. भाजीवाली शकीलाबी मागे मागे सरकत म्हणाली, "हम को भी?" तर वहिनी म्हणाली, "तू बस में है कि नहीं? फिर!" कैलाशने तिळगूळ तोंडात टाकला आणि गंभीरपणे विचारलं, "काकी, अब मीठा बोलना पड़ेगा? सवारियों से भी?" त्या दिवशी तो खरोखर कुणावर खेकसला नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू.

मग ती महामारी आली आणि बस बंद पडली. सगळंच बंद होतं तेव्हा काही वाटलं नाही. पण बाकीचं सगळं सुरू झालं आणि बस काही येईना. डेपोत उभ्या बसगाड्यांवर वेल चढले, एका गाडीला तर मी स्वतः दुधी लागलेला पाहिला, हे मी वहिनीला सांगितलं. ती "निम्मं" म्हणाली नाही. नुसती म्हणाली, "माईची वेणी कोण घालत असेल हो?" मिलिंद म्हणाला, आई, मी गाडीने सोडतो. तिने त्याच्याकडे बघितलं. "तू सोडशील, मग घ्यायला येशील, मग दारात उभा राहून घड्याळ बघशील. मी माईकडे घड्याळ न बघता बसायला जाते. आणि मला कुणी नेलं, तर मी गेले असं होतं का?" मिलिंद चांगला मुलगा, तो न्यायचा. रविवार रविवार. माई दर वेळी विचारायची, "आज बसने आलीस?"

एके दिवशी बातमी आली, नवा ठेका झाला, सोमवारपासून बस. वहिनीने कॉलनीतल्या बायका जमवल्या, ओवाळणीचं ताट, नारळ, झेंडूची माळ. पांढरी चकचकीत गाडी कोपऱ्यावरून वळताच वहिनी रस्त्याच्या मधोमध उभी. ओवाळलं, काचेखाली कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि बाया भराभर चढल्या. आत माणसं झोपलेली. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "माताजी, यह तो देवास की फैक्टरी की स्टाफ बस है। रास्ता खुदा है, इसलिए इधर से निकाली।" कुणालाही वाटेल बायका उतरल्या असतील. वहिनी सीटवर पदर सावरून बसली. "पूजा हो गई, अब वापस थोड़े होगी। देवास जा रहा है ना? तो देवास गेट कौन-सा दूर है? छोड़ दे।" देवास गेट उज्जैनमध्येच आणि देवास हे दुसरं गाव, दोन्हींच्या दिशा वेगळ्या, हे ड्रायव्हरला माहीत होतं, पण ताटातलं खोबरं त्याच्या तोंडात होतं. त्याने सोडलं! माईच्या दारात गाडी थांबली तेव्हा माई म्हणे चक्क हसली. शिफ्टला उशीर झाल्याबद्दल कामगारांनी त्या दिवशी काय सबब सांगितली असेल, याच्या मी तेरा गोष्टी रचल्या. वहिनीने त्या साडेसहावर आणल्या.

खरी नवी बस आली ती हायवेसारख्या मोठ्या रस्त्याने सरळ, मंदिराकडे यात्रेकरू घेऊन. आमच्या कॉलनीचं वळण आणि देवास गेट, दोन्ही गळालं होतं. कोपऱ्यावरचा स्टॉपचा खांबही कुणी काढून नेला. वहिनी मला घेऊन बसच्या दफ्तरात गेली. साहेब सभ्य होते, पाणी दिलं, म्हणाले, "माताजी, नए ठेके में वह मोड़ नहीं है।" वहिनी म्हणाली, "मोड़ तो वहीं है, भैया। मैं रोज देखती हूँ।" साहेब हसले नाहीत, त्यांनी मान खाली घातली. वळण काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीने गॅलरीतली वेताची खुर्ची उचलली आणि जिथे खांब होता तिथे, कडुनिंबाखाली, नेऊन ठेवली. त्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ई-रिक्षाला हात. बहुतेक थांबून विचारायचे, अकेली सवारी, आणि निघून जायचे. इरफान नावाचा एक थांबला. त्याला ती म्हणाली, "देख बेटा, अब ठेका मैं दे रही हूँ। रोज दोपहर में यहाँ आना, गाड़ी भर के सवारी दूँगी। लेकिन मैं बैठ जाऊँ, तब तक हिलाना नहीं।" तिने शेजारच्या दोघी-तिघींना गोळा केलं आणि ठेका सुरू झाला. पुढे देवास गेटवरून परतताना इरफान सवाऱ्या गोळा करायला ओरडायला लागला, "काकी की कुर्सी, काकी की कुर्सी!" ज्यांना काकी कोण ते माहीत नव्हतं तेही बसायचे आणि बरोबर कडुनिंबाखाली उतरायचे. वहिनी पुन्हा स्वतःची स्वतः माईकडे जायला लागली. ती गेली त्याच्या आदल्या दिवशीही माईकडे जाऊन आली होती. ती गेली त्या दिवशी दुपारी, आम्ही सगळे घाटावर असताना, इरफान रिकाम्या खुर्चीसमोर गाडी लावून बराच वेळ थांबला होता म्हणे… हिलाना नहीं, असं सांगितलं होतं ना तिने.

तेराव्यानंतर मिलिंदने खुर्ची घरात आणली. मी ती परत नेऊन ठेवली. आता दुपारी तिच्यावर मी बसतो, इरफान येतो, मी माईकडे जातो. वेणी शेजारची मुलगी घालते, मला ते जमत नाही, मी फक्त चहा पितो आणि बडबडतो. माई उशीला टेकून, हातात कप धरून, डोळे मिटून असते. ऐकते की नाही, कळत नाही. काल मी सांगत होतो, "माई, वहिनीच्या खुर्चीपाशी आता काय गर्दी! रिक्षांची रांग लागते, थेट नानाखेड्याच्या चौकापर्यंत…"

माईने डोळे उघडले नाहीत. कप बशीत ठेवला.

"निम्मं करा, भाऊजी."