आबाकाकांच्या फितीवरचं चौथं कडवं

आधीच सांगते, मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी नेहमी उडवूनच लावलं. पण हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय...

साठच्या दशकातली गोष्ट. माझे आबाकाका मालवणात कचेरीत कारकून, आणि वेड एकच — रिळांच्या टेपवर गवयांचं गाणं टिपायचं. बोटीवर नोकरी करणारा एक मित्र त्यांना परदेशातून उत्तम प्रतीची कोरी रिळं आणून द्यायचा. त्यापायी काकांनी देवगडची वाट्याची आंब्याची कलमं विकली! बाकीचे लोक फीत वाचवायला मशीन हळू चालवत, काका कायम वेगात चालवायचे. फीत दुप्पट लागे, पण गवयाने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा. आजही तसा आवाज मला कुठे मिळत नाही. दमट हवेने बुरशी धरू नये म्हणून रिळांचे डबे तांदळाच्या पिंपात पुरलेले असत. भात शिजवायचा तर काकीला आधी एखादा गवई बाजूला करावा लागे.

“घरात कौलां गळतत आणि हे फिती रेशमान पुसतत,” काकी म्हणायची. पण मैफल लागली की दारात तीच आधी येऊन बसायची.

एकदा नवं रीळ तपासायला काकांनी तिलाच गायला बसवलं. तिच्या माहेरचं, देवगडचं फुगडीचं गाणं. तीन कडवी झाली, आणि — “अगो बाय माझ्या, दूध उतू गेला!” काकी उठून पळाली. काकांनी मशीन बंद केलं. महागाची फीत, मोठ्या गवयासाठी राखायची होती.

“ऱ्हवांदे, उरलेला मागीर,” ते म्हणाले.

ते ‘मागीर’, म्हणजे ‘नंतर’, कधी आलंच नाही. त्याच पावसाळ्यात काकी तापाने गेली. चौथं कडवं आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं. काका ते रीळ रोज लावत, दूध उतू जाईपर्यंत. त्यांच्याकडे बघून फार वाईट वाटायचं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर, भर दुपारी त्यांनी ते लावलं. खोलीत आम्ही दोघंच. तिसरं कडवं संपलं. मी सवयीने बटणाकडे हात नेला... तर दुधाची हाक आलीच नाही! काकीने श्वास घेतला — स्पष्ट ऐकू आला — आणि चौथं कडवं सुरू केलं.

“बंद करू नको गो, सुमा!” काकांनी माझा हात बटणावरून दूर केला.

गाणं पूर्ण झालं. लगेच पुन्हा लावलं, तर तीन कडवी आणि दूध. त्यापुढे कोरी फीत.

दोघांना भास झाला म्हणावं, तर ते कडवं माझ्या लक्षात राहिलं होतं. देवगडला जाऊन काकीच्या थोरल्या बहिणीला म्हणून दाखवलं. तिने माझा हात घट्ट धरला. “ह्या तुका कोणी शिकयल्यान? ह्या आमच्या आयेन रचलेला कडवा... आमी दोघी सोडून कोणाकच येणा नाय.”

पुढे एका मैफलीच्या वेळी रिळं कमी पडली, तेव्हा मीच म्हटलं, काकीच्या रिळावर अर्ध्याहून जास्त फीत कोरी आहे. गवयांसाठी कलमं विकणाऱ्या काकांनी तो डबा छातीशी धरला.

“ता रीळ नको गो,” ते म्हणाले. “तिका गाऊक जागा व्हयी.”