वर्नच्या गोळ्या आणि तळ्यावरची थंडी

वर्न स्कार जाऊन हा चौथा हिवाळा. त्याच्याविषयी लिहावं इतका मी काही त्याचा जवळचा नव्हतो, नुसता शेजारी. आणि चांगलं लिहायचं ठरवलं तरी मला आधी ती किळसच आठवते: बंदुकीच्या नळीतून निघालेली शिशाची करडी सालं, माशाच्या खवल्यांसारखी, आणि नाकात बसलेला, नळी साफ करायच्या सॉल्व्हंटचा वास.

आमच्या टॅमरॅक गावात फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर नेमबाजी होते. नियम एकच, गोळी घरी ओतलेली हवी. आम्हा सहा जणांच्या गोळ्या बावीस वर्षं वर्नच ओतायचा. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, नळीत शिसं चिकटू नये म्हणून गोळीच्या खाचेत मेणाचं वंगण भरायचं आणि गोळ्या कॉफीच्या डब्यांतून घरोघर पोचवायच्या. काडतुसं ज्याची त्याने भरायची. वर्नपुढे कुणी वंगणाबद्दल ब्र काढत नसे.

एका वर्षी त्याने वंगण बदललं. उन्हाळ्यात गाडीत ठेवलेल्या गोळ्यांचं मेण पाघळलं, म्हणून चिडून त्याने ते कडक केलं. तपासलंही, पण शेगडी पेटवलेल्या शेडमध्ये बसून, खिडकीतून नळी बाहेर काढून; काडतुसं उबेतच. आम्ही सगळे तसंच करतो. बाहेर कोण कुडकुडत बसणार?

काडतुसं भरून उरलेल्या माझ्या गोळ्यांचा डबा पडवीत राहिला होता. स्पर्धेच्या सकाळी उघडला तर तळाशी निळ्या मेणाच्या कपच्या, कापलेल्या नखांसारख्या. थंडीने मेण तडकून गळलं होतं. मला कळलं, तळ्यावर हे वंगण टिकणार नाही. मी झाकण लावलं आणि गप्प तळ्यावर गेलो.

उणे तीस होतं. पहिला बार झाला की आमच्याकडे जो तो नळीचं तोंड बघतो. तिथे वंगणाचं ओलसर कडं उमटलं तर सगळं ठीक. त्या दिवशी कुणाच्याच नळीवर कडं नव्हतं. दहाव्या बाराला आमच्यातल्या इर्मा क्वामची गोळी शेजारच्याच्या नेमाच्या फळीत घुसली.

"इर्मा, चष्मा घरी राहिला का गं?" वर्न म्हणाला.

"डोळ्यावरच आहे. तुझी गोळी कुठे जातेय ते त्यातूनच बघतेय."

"नळी घासत नाहीस तू. नवरा गेल्यापासून बंदुकीचे हाल केलेस."

इर्माने बंदूक रिकामी केली, बोल्ट काढला आणि ती त्याच्यापुढे धरली. "बघ की मग."

वर्न वाकला. नळीच्या तोंडाशी शिशाचा थर चढला होता. तोंडाशी शिसं चढलं म्हणजे वंगण वाटेतच संपलं, हे त्यानेच आम्हाला शिकवलेलं.

"पुढच्या वर्षी नियम बदलू," आमच्यातला गस म्हणाला. "दुकानातून आणू गोळ्या. ही घाण कोण खरवडणार?"

वर्नने सहाही बंदुका गाडीत घालून घरी नेल्या. दुपारी मी गेलो तेव्हा तो तारेचा ब्रश ओढत बसला होता आणि तोंड असं केलं होतं, जणू दुसऱ्याची ओकारी पुसतोय.

"वर्न, मला सकाळीच दिसलं होतं. डब्यात मेण गळलेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला राग येतो."

"आणि आता काय हसू येतंय मला?" त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात किळस होती. मला स्वतःची वाटत होती तशीच. मग त्याने नळी घासायचा एक गज माझ्याकडे टाकला. "तीन तुझ्या."

दोन दिवस आम्ही खरवडत होतो.

पुढच्या आठवड्यात त्याने मेणात चरबी आणि तेल घालून वंगण मऊ केलं, काडतुसं रात्रभर बर्फात ठेवली आणि सकाळी मला तळ्यावर बोलावलं. बार झाला. बंदूक रिकामी करून त्याने नळी माझ्यासमोर धरली.

"बघ. आणि दिसतंय ते बोल."

"कडं आहे," मी म्हणालो. पुन्हा वाकून पाहिलं. "पण अर्धंच."

त्याने एक घाणेरडी शिवी दिली आणि वंगण पुन्हा वितळवायला घरी गेला. दुकानातल्या गोळ्या काही आमच्या तळ्यावर आल्या नाहीत.