मामांचं इंजिन आणि राहिलेली अर्धी वरात

ओतूरच्या पंपावर मी एकदा पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं. भरलं म्हणजे पंपावरच्या माणसानं भरलं. पण "डिझेल, टाकी फुल्ल" हे शब्द माझे होते, आणि ते मी खिडकीतून कोपर बाहेर काढून, गॉगल कपाळावर चढवून उच्चारले होते. त्या बिचाऱ्यानं "नक्की ना साहेब?" असं विचारलंसुद्धा. त्यावर मी त्याला, "मग काय रॉकेल भरतोस?" असं ऐकवलं. मी कॉलेजात क्लार्क होतो. साहेब म्हणणारा माणूस रोज भेटत नसे, म्हणून जरा चढलो.

गाडी माझ्यापेक्षा मोठ्या मनाची. नळीत उरलेल्या पेट्रोलवर तिनं मला पंपाबाहेर दिमाखात काढलं, लोकांदेखत लाज राखली, आणि उसाच्या शेतांपाशी नेऊन मग आचके दिले. पांढरा धूर, दोन ठसके, आणि गप्प. कांद्याच्या गोण्या घेऊन निघालेल्या एका ट्रॅक्टरनं दोर बांधून आम्हा दोघांना गॅरेजपर्यंत ओढत नेलं. स्टिअरिंगवर हात ठेवून मी समोर बघत बसलो होतो. रस्त्यावर ओळखीचं कोण कोण होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी बघितलंच नाही.

मिस्त्रींनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. "पावणं, हितं तर डिझेल हाय."

"हो का?" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दुपारभर त्यांनी टाकी रिकामी केली, नळ्या धुतल्या, कार्बोरेटर पुसला. मग हात पुसत म्हणाले, "राव, तुमच्या मनात डिझेलच असंल तर इंजिनच डिझेलचं टाका की. ठोकलेल्या टेंपोचं पडलंय माझ्याकडं. लई भारी. आता सगळी तेच करत्यात."

सगळे तेच करत होते, हे खरं. नव्वदच्या दशकात आमच्या भागात पेट्रोलची जुनी गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती. कॉलेजात चहाच्या वेळी एकच विषय: कोणी कुठलं डिझेल इंजिन बसवलं आणि गाडी किती अॅव्हरेज देते. डिझेल माझ्या तोंडात बसलं होतं ते तिथूनच.

पण गाडी माझी नव्हती. म्हणजे कागदावर माझी होती, खरी ती सासऱ्यांची. त्यांना मी मामा म्हणतो, बायको दादा. मामा खडकीला सरकारी कारखान्यात फिटर. निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी एका अधिकाऱ्याची ही जुनी, गोलसर पाठीची गाडी घेतली आणि आंबेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी आणली. तिथल्या बौद्ध वस्तीतली ती पहिली गाडी. इंजिन त्यांनी स्वतः खोललं, घासलं, पुन्हा जुळवलं, आणि इतकं मऊ केलं की चालू इंजिनाच्या बॉनेटवर ते काडेपेटी उभी करत. लहान बाजूवर, उभी. ती पडत नसे. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ही काडेपेटी दाखवायची, असा घरचा रिवाज होता. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा मलाही दाखवली होती. मला वाटलं जादूचा प्रयोग आहे. मी टाळ्या वाजवल्या. बायको अजून आठवण काढते.

त्या गाडीला एक काम ठरलेलं होतं. मामांचं लग्न झालं त्या काळी आमच्या लोकांची वरात पेठेतून वाजत जात नसे. गावाच्या कडेनं, ओढ्याच्या वाटेनं, मुकाट्यानं यायचं. गाडी आली तसा मामांनी नेम केला: वस्तीत ज्याचं लग्न होईल ते नवरा-नवरी या गाडीत बसणार, विहारापासून घरापर्यंत, पेठेतल्या चौकातून, पहिल्या गिअरमध्ये, बँडच्या मागं पावला-पावलानं. गाडी थांबायची नाही आणि घाईही करायची नाही. वीसेक वर्षांत कितीतरी जोडपी अशी गेली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "वरातीला कुनी मागितली तर न्हाई म्हनायचं न्हाई."

तर डिझेल इंजिनाचा बेत मी घरी सांगितला तेव्हा बायको भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "दादांना विचारलं का?"

"विचारतो," मी म्हणालो.

विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग मला ऐकावं लागलं असतं. न विचारण्यात ही सोय होती.

मिस्त्रींनी कडुनिंबाच्या फांदीला चेन-पुली लावून मामांचं इंजिन वर उचललं. ते हवेत लटकलेलं बघून मला उगाच कोणाला तरी दवाखान्यात आणल्यासारखं वाटलं. एका टायरवर ते ठेवून मिस्त्रींनी विचारलं, "ह्याचं काय करायचं?"

"भंगारवाला येईल तेव्हा द्या देऊन." हे वाक्य मी तोंडातलं पान सावरत बोललो. पुढं किती दिवस ते माझ्या घशात अडकणार होतं, याची तेव्हा कल्पना नव्हती.

नव्या इंजिनानं अॅव्हरेज चांगलं दिलं, हे मी आजही मान्य करतो. बाकी ते गाडीला शोभत नव्हतं. गिअरचा दांडा ताप आल्यासारखा थरथरायचा. आरशात मागची एक एसटी दोन दिसायची. पोरांना शेकरू दाखवायला भीमाशंकरच्या जंगलात नेलं, तर आमचा आवाज ऐकून तालुक्यातली सगळी शेकरं पलीकडं कोकणात उतरली असावीत. येताना गाडीत सगळे ओरडून बोलत होते आणि घरी आल्यावरही दोन दिवस तसंच बोलत राहिले. शेजारच्यांना वाटलं, भांडणं लागली. आरटीओत द्यायचा इंजिन बदलाचा अर्ज मी सुंदर अक्षरात लिहिला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

आणि मग धाकट्या मेहुण्याचं लग्न ठरलं.

मामांच्या स्वतःच्या मुलाची वरात. मी पहाटे गाडी धुतली, झेंडूच्या माळा बांधल्या, आणि मनाची समजूत घातली की बँडच्या आवाजात इंजिन कोणाला ऐकू येतंय! मंगल परिणय झाला, पांढऱ्या कपड्यांतलं जोडपं मागच्या सीटवर बसलं, बायको माझ्या शेजारी बसली, आणि मी किल्ली फिरवली. बँड ऐकू येईना.

टेंपोच्या इंजिनाला सावकाश जायची सवय नव्हती. पहिल्या गिअरमध्येही ते बँडच्या अंगावर धावायला बघायचं. वाजवणारे मागं वळून वळून बघत पावलं उचलायला लागले, तसं गाणंही पळायला लागलं. मी क्लच दाबून धरला. जळका वास सुटला. माळांतली फुलं एकेक करून गळायला लागली. आरशात मला चार नवरे आणि चार नवऱ्या दिसत होत्या आणि आठही जणांचे दात वाजत होते. मागून चालणाऱ्या बायकांच्या पांढऱ्या साड्यांवर काळे ठिपके पडले. शेवटी बँडमास्तर खिडकीशी आले आणि ओरडले, "भाऊ, एकतर तुमी वाजवा, न्हाईतर आमी!"

बायकोनं तिच्या बाजूची काच वर केली.

रेडिएटर जुन्या इंजिनाच्या मापाचा होता, तो मोठ्या इंजिनाला पुरेना. बरोबर चौकात आलो आणि बॉनेटखालून वाफेचा फवारा उडाला. मी घाबरून गाडी बंद केली. ज्या चौकात गाडी थांबायची नाही, त्या चौकात मामांच्या मुलाची वरात थांबली.

चहावाला बादली घेऊन धावला. किराणा दुकानातले म्हातारे शेठ गादीवरून उतरून खाली आले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "चला रे, हात लावा. नवरा-नवरीला उतरवू नका." एका बाजूनं वस्तीतली माणसं, दुसऱ्या बाजूनं पेठेतली, आणि ढकललेली गाडी बँडच्या मागं निघाली. खरं सांगतो, सगळ्या वरातीत तेवढा भाग नीट झाला.

चौकाच्या टोकाला मामा काठी टेकत उभे होते. लग्न लागल्यावर ते आधीच घरी येऊन खुर्चीत वाट बघत बसले होते. आवाज ऐकून उठून आलेले. गाडी कडेला लागली, जोडपं उतरून बँडबरोबर चालत पुढं गेलं. मामांनी बॉनेट उघडायला लावलं. आत बराच वेळ बघितलं.

"इंजिन चांगलं हाय," ते म्हणाले. "ओझ्याचं हाय. माझं कुठंय?"

"मिस्त्रींकडं," मी म्हणालो.

"बरं." एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर मला तोंड लपवायला जागा मिळाली असती. जाता जाता म्हणाले, "अर्धी वरात ऱ्हायलीय. माझं इंजिन बसवून घेऊन या."

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ओतूर गाठलं. वाटेत एकच हिशेब मनात चालू होता: भंगारवाला आठवड्यातून कधी येतो, आणि मी पान खात ते वाक्य बोललो त्याला किती आठवडे झाले. गॅरेजच्या कोपऱ्यात टायर होता. टायरवर काही नव्हतं. जमिनीवर तेलाचा गोल डाग तेवढा होता. मी त्या डागाकडं बघत खाली बसलो. मामांना जाऊन काय सांगायचं? इंजिन विकत मिळतं. पण त्यांनी हातानं घासलेलं ते एकच होतं.

मिस्त्री चहाचा ग्लास घेऊन आले. "काय पावणं, काय हरवलं?"

"ते जुनं इंजिन," मी म्हणालो. "भंगारात गेलं का हो?"

त्यांनी चहा निवांत संपवला. दुष्ट माणूस! "तुमी सवताहून मागायला आल्याबिगर बोलायचं न्हाई, असं ठरल्यालं. आता आलाय तर चला."

घरामागच्या कांद्याच्या चाळीत, कांद्याच्या ढिगापलीकडं, पोत्यात गुंडाळून, तेल पाजून, वर प्लॅस्टिक टाकून इंजिन ठेवलेलं होतं. मिस्त्रींनी पोतं सारलं. मी त्याच्यावर हात ठेवला. गार, तेलकट आणि कांद्याच्या वासाचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यामुळं, असं मी तेव्हाही म्हणालो.

"कोणी ठरवलं होतं हे?"

"वैनी आल्या व्हत्या की. तुमी इंजिन काढून गेला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हनल्या, भंगारात द्यायचं न्हाई. आन मालकांना सांगायचं न्हाई."

आठवड्याभरात कडुनिंबाच्या फांदीनं उलटं काम केलं. मिस्त्रींनी टेंपोचं इंजिन पुन्हा एका टेंपोलाच बसवलं आणि ते सुखानं ओझी वाहायला लागलं. ड्रॉवरमधला अर्ज मी फाडला. आरटीओच्या लेखी मामांचं इंजिन गाडीतून कधी हललंच नव्हतं. माझ्या आळशीपणाचा जन्मात एवढा एकच उपयोग झाला.

पुढच्या रविवारी राहिलेली अर्धी वरात काढली. बँड नाही, माळा नाहीत. मागं मेहुणा, त्याची बायको आणि मध्ये माझी बायको, पुढं माझ्याशेजारी मामा. चौकापासून घरापर्यंत, पहिल्या गिअरमध्ये. किराणा दुकानातल्या शेठनी गादीवरून हाक मारली, "आज बँड न्हाई का?" आणि ती हाक आम्हाला गाडीत बसून, काचा वर असताना, स्वच्छ ऐकू आली. मामांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण काठीवरचा हात सैल झाला. दारात पोचल्यावर मी इंजिन चालूच ठेवलं. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, बॉनेटवर उभी केली आणि आत चहाला गेले. मी बाहेरच थांबलो. ती पडली नाही.

परत येताना मी बायकोला विचारलं, "इंजिन ठेवलंयस हे मला सांगायचं तरी! एवढे दिवस गप्प का बसलीस?"

"तुम्ही दादांना विचारतो म्हणाला होतात," ती म्हणाली. "मी वाट बघत होते. अजून विचारलेलं नाहीच तुम्ही."